मुद्देमालातली पटाशी

लाकूड कोरायची पटाशी आहे मी. माझं बोलणं ऐकायचं असेल तर कान जरा जवळ आणा. मी एका खोक्यात आहे, खोकं कपाटात आहे, आणि कपाट न्यायालयाच्या मागच्या अशा खोलीत आहे जिची खिडकी कुणी उघडत नाही. माझ्या गळ्यात सुतळीनं एक चिठ्ठी बांधली आहे. मला वाचता येत नाही, पण ती मोठ्यानं वाचलेली मी ऐकली आहे. ‘एक धारदार शस्त्र’ असं तिच्यावर लिहिलं आहे.

शेजारी एक फुटकी बाटली आहे, दोरीचा तुकडा आहे आणि कुणाचा तरी एकच बूट. आम्ही आपसात बोलत नाही. जो तो आपापल्या खटल्यात.

तुम्ही सुतारकाम केलेलं नसेल, म्हणून आधी मी काय आहे ते सांगते. एक चपटी पोलादी पट्टी, वरच्या टोकाला लाकडी मूठ, खालच्या टोकाला तिरकी धार. मुठीवर हातोडा मारायचा आणि लाकडात खाच पाडायची. दरवाजा असो, खिडकी असो, टेबल असो, जिथे एक लाकूड दुसऱ्यात शिरून घट्ट बसलेलं दिसतं तिथे आमच्यापैकी कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं. काम झालं की आम्ही कुठे दिसत नाही. दिसलो तर समजावं की सुतार कच्चा होता.

माणूस जगतो तसा वाढतो, आमचं उलटं आहे. धार लावायची म्हणजे दगडावर घासायचं, आणि घासलं की मी केसभर संपते. म्हणजे जितकी जास्त जगले तितकी मी आखूड. याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कामानं संपण्यात एक समाधान असतं. कसं संपायचं नसतं, ते मी आता शिकतेय.

जन्म माझा भट्टीतला. लाल होईपर्यंत तापवली, घणानं ठोकली, मग झटक्यात थंड करून मला पाणी दिलं. पोलादाच्या अंगातल्या कडकपणाला आमच्यात पाणी म्हणतात. हे पाणी आहे तोवर धार टिकते. घाईनं घासून पुन्हा तापवलं की पट्टी निळी पडते आणि पाणी उतरतं. दिसायला तीच पटाशी, पण लोण्याशिवाय काही कापणार नाही.

माझा पहिला मालक दारं करायचा. बोलका माणूस, पण फक्त लाकडाशी. “इकडे का तिरकी जातेस गं बाई,” असं फळीला म्हणायचा, आणि घरात जेवताना तोंडातून शब्द नाही. त्याच्या हातात मी पुष्कळ वर्षं राहिले. अर्धी झाले. संध्याकाळी तो मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. एके दिवशी फडकं उघडलं तेव्हा हात वेगळा होता.

तो हात त्याच्या मुलाचा होता. मुलगा कचेरीत कामाला. स्वभावानं वाईट नव्हता. त्यानं माझ्यानं रंगाचे डबे उघडले, स्क्रू पिळले, भिंतीचे पोपडे काढले. एकदा खिळ्यावर आपटली आणि धारेचा एक तुकडाच उडाला. मूठ तडकली तेव्हा त्यानं तिला चिकटपट्टी गुंडाळली. एवढी माया. शेवटी बायको म्हणाली, “अहो, हा ढीग एकदाचा कुणाला तरी देऊन टाका. निदान कुणाच्या उपयोगी पडेल.” आणि मी इतर मोडक्या अवजारांबरोबर एका पेटीत बसून संस्थेत आले.

ही संस्था म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. पूर्वी तिथे मालमोटारी दुरुस्त व्हायच्या, फरशीवर तेलाचे काळे डाग होते. कोवळ्या वयात गुन्ह्यात सापडलेली मुलं न्यायालय इथे पाठवायचं. तुरुंगात न जाता इथे रोज यायचं, काम शिकायचं, दिवेलागणीच्या आत घरी जायचं. जुन्या सोबत्यांबरोबर दिसायचं नाही, जवळ शस्त्र बाळगायचं नाही. एवढं पाळलं की शिक्षा माफ, नाही पाळलं की सगळी शिक्षा तुरुंगात. हे सगळं संस्थेच्या बाई प्रत्येक नव्या मुलाला समोर बसवून वाचून दाखवायच्या. मुलं मान हलवायची आणि शेडच्या पत्र्याकडे बघत राहायची.

काम शिकवायचे मिस्त्री. म्हातारा माणूस, सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर एक गुळगुळीत जागा होती, तिथे एकही केस नव्हता. पटाशीला धार लागली की नाही ते ते आपल्या हातावर फिरवून बघायचे. केस सरसर उतरले तर धार लागली. मग ते एवढंच म्हणायचे, “हं.” त्यापुढे कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मुलं मागे नक्कल करायची. “काकांच्या लग्नात काकूनं हार घातला, तेव्हा पण काका म्हणाले, हं.”

नव्या मुलाला काका मोडक्या अवजारांची पेटी दाखवायचे. “यातलं एक उचल. ते जिवंत कर. मूठ तुझ्या हातानं बसव. ज्या दिवशी माझ्या हातावरचा केस उतरेल, त्या दिवसापासून ते तुझं. मग त्याला मी पण विचारल्याशिवाय हात लावणार नाही.” ही त्यांची रीत होती. ज्यांनी आजवर दुसऱ्याच्याच वस्तू उचललेल्या होत्या, त्यांच्या मालकीची एक तरी वस्तू असावी असं त्यांना वाटायचं. तसं ते कधी बोलले नाहीत. मी पेटीत होते, मला कळायचं.

तो आला तेव्हा त्याची ताई सोबत होती. आईवडील नव्हते, तिनंच वाढवलेला. ती एका लाँड्रीत दिवसभर उभी राहून कपड्यांना इस्त्री करायची, तिच्या मनगटावर चटक्यांचे डाग होते. तिनं काकांना बाजूला घेतलं.

“काका, हा फार बोलत नाही. म्हणजे मुद्दाम नाही. पण सांगितलेलं ऐकतो.”

“लाकूड पण बोलत नाही,” काका म्हणाले. “चालेल.”

ती गेल्यावर फुगा नावाच्या एका जाड्या पोरानं त्याला घेरलं. “नाव काय?” उत्तर नाही. “राहतोस कुठे?” उत्तर नाही. “बरं, सापडलास कशात ते तरी सांग.”

“दुकानाचं कुलूप तोडलं.”

“वा. तोडलं पण कुलूप, तोंडाला पण कुलूप. झालं बारसं.” सगळे हसले आणि तो त्या दिवसापासून कुलूप झाला. पुढे काकाही तेच म्हणायला लागले.

चांगली चांगली अवजारं आधीच्या मुलांनी नेली होती. पेटीच्या तळाशी मी उरले होते. कुलूपनं मला उचललं, चिकटपट्टी बघितली, तुटका कोपरा बघितला.

“ही मेलीये.”

“मेली नाही,” काका म्हणाले. “कुणीतरी तिच्यानं डबे उघडलेत.”

पहिल्या दिवशी त्यानं मला भिंतीवर फेकून मारलं. फुगा काहीतरी बोलला होता, त्याचा राग माझ्यावर निघाला. उरलेल्या धारेचा आणखी एक तुकडा गेला. काकांनी मला उचलून त्याच्या हातात परत दिलं. “आता तेवढं जास्त घासायचं,” एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यानं मला फिरत्या चाकावर दाबून धरलं, लवकर संपवायला. मी निळी पडले.

“बघ,” काकांनी बोट दाखवलं. “तेवढ्यातलं पाणी गेलं. आता निळं संपेपर्यंत घास. हातानं. चाकाला हात लावायचा नाही.”

“किती दिवस?”

“ते तिला विचार.”

तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीत बाकीचे उन्हात पाय पसरून बसायचे आणि कुलूप दगडापाशी. आधी खरखरीत दगड, मग बारीक. दगडावर तेलाचा थेंब, माझी पाठ सपाट टेकवायची, पुढे न्यायची, मागे आणायची. फुगा म्हणायचा, “अरे, लग्न करून टाक तिच्याशी.” कुलूप मान वर करायचा नाही. निळं गेलं, तुटके कोपरे गेले. मी आणखी आखूड झाले. मग त्यानं एका तुटक्या खुर्चीच्या पायातून मूठ कोरली, माझ्या वरच्या टोकाला बसवली, आणि तिला इतका काचकागद घासला की ती त्याच्या तळव्यासारखी मऊ झाली. त्याच्याही डाव्या हातावर आता एक गुळगुळीत जागा झाली होती.

ज्या दिवशी त्यानं मला काकांच्या हातात दिलं, त्या दिवशी शेडमधली सगळी मुलं काम थांबवून उभी राहिली. काकांनी मला आधी उजेडात धरलं. बोथट धार उजेडात चमकते. खरी धार दिसतच नाही, तिथे नुसती काळी रेघ असते. काकांनी डोळे बारीक केले. मग हातावर फिरवलं. केस उतरले.

“हं,” काका म्हणाले आणि मला परत दिलं.

फुगा ओरडला, “अरे, पेढे नाही तर निदान चहा तरी.” कुलूप माझ्या मुठीवरची धूळ पुसत राहिला. पण संध्याकाळी मला फडक्यात गुंडाळताना त्याचा हात माझ्या पहिल्या मालकासारखा चालला.

आता त्याला स्टूल करायचं होतं. ताईसाठी. ती दिवसभर उभी असते, घरी आल्यावर खाली बसली की तिला उठवत नाही, गुडघे धरतात. पलंग नव्हता, खुर्ची नव्हती. त्यानं उरल्यासुरल्या लाकडातून बैठक काढली, चार पाय काढले, आणि माझ्यानं खाचा पाडल्या. एकही खिळा नाही. काकांनी स्टूल उलटं करून प्रत्येक सांध्यात नख घालायचा प्रयत्न केला. नख शिरलं नाही. मग ते स्टुलावर बसून चहा प्यायले.

तो स्टूल घरी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला.

“डुगडुगतंय.”

“इथे तर बसलं होतं नीट.”

“आमच्या खोलीची फरशी उंचसखल आहे. एक पाय केसभर उतरवायला हवा. पण तिथेच ठेवून. इथून अंदाज येणार नाही.”

“मग घेऊन जा की तिला घरी.”

“बाई म्हणतात, बाहेर न्यायचं तर सहीची चिठ्ठी लागते.”

काका हसले. फार कमी हसायचे. “संस्थेच्या अवजाराला चिठ्ठी. ही तुझी आहे. आपल्या वस्तूला कसली चिठ्ठी. जा, आणि ताईला बसवून मग उतरव. रिकाम्या स्टुलाचा अंदाज खोटा असतो.”

फुगा म्हणाला, “काका, पण रस्त्यात...”

“रस्त्यात काय? सुतार अवजार घेऊन घरी जात नाही का? मी जन्मभर गेलो.”

काका खरंच जन्मभर गेले होते. त्यांना कधी कुणी थांबवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी उजेड अजून चांगला होता. कुलूप घराच्या रस्त्यावर होता, मी त्याच्या पिशवीत, डब्याच्या शेजारी. मागच्या गल्लीत एक दुकान फुटलं होतं, म्हणून कोपऱ्यावर हवालदार उभा होता आणि तरण्या पोरांच्या पिशव्या बघत होता. त्यानं कुलूपचा चेहरा ओळखला.

“अरे, तू. बाहेरच आहेस अजून? उघड.”

कुलूपनं पिशवी उघडली. हवालदारानं डबा बाजूला सारला आणि माझं फडकं उचललं.

“हे काय?”

कुलूपच्या तोंडाला तेच झालं जे नेहमी होतं. ओठ हलले, आवाज आला नाही.

“चोरलंस?”

“माझी आहे.”

“तुझी? काय करतोस हिच्यानं?”

स्टूल, फरशी, ताईचे गुडघे, हे सगळं एका माणसाला रस्त्यात उभं राहून कसं सांगायचं ते त्याला कळेना. हवालदारानं फडकं सोडलं आणि अंगठा माझ्या धारेकडे नेला. तेव्हा मात्र कुलूप एकदम बोलला, आणि मोठ्यानं बोलला.

“हात लावू नका. कापेल.”

हवालदारानं त्याच्याकडे बघितलं, आणि बघता बघताच अंगठा फिरवला. तुम्ही कुणीही फिरवला असता. धार दिसत नाही म्हटलं ना.

अंगठा उघडला. रक्त माझ्या पाठीवरून मुठीपर्यंत गेलं. त्या मुठीवर कुलूपनं किती कागद घासला होता.

कागदावर जे लिहिलं गेलं ते असं: आरोपीजवळ धारदार शस्त्र मिळालं, आरोपीनं ‘कापेन’ अशा अर्थाची धमकी दिली, झटापटीत हवालदार जखमी झाले. झटापट कुठून आली ते मला ठाऊक नाही. मी तिथेच होते, मला तर दिसली नाही.

सुनावणीच्या दिवशी मला एका पाकिटात घालून न्यायालयाच्या व्हरांड्यात आणलं. पाकीट एका शिपायाच्या मांडीवर होतं, आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुलूपचा वकील काकांना समजावत होता. ताई समोर उभी होती. बसायला जागा होती, पण ती उभीच होती.

“काका, सगळं आता तुमच्या बोलण्यावर आहे,” वकील म्हणाला. “न्यायाधीश माणूस बरा आहे. संस्थेची मुलं त्याला आवडतात. फक्त ते शस्त्र नाही, शिकायचं जुनं अवजार आहे एवढं पटायला हवं. तुम्ही म्हणायचं, जुनी आहे, आखूड झालीये, बोथट आहे. अंगठा कुठेतरी मुठीच्या कडेला अडकला असेल.”

“बोथट,” काका म्हणाले.

“खोटं नाही हो. तुमच्या मानानं बोथटच असेल ती.”

“म्हणतो,” काका म्हणाले.

ताई म्हणाली, “काका, एवढं कराच. मी जन्मभर काही मागणार नाही.”

“म्हटलं ना, म्हणतो.”

आत बाईंची साक्ष झाली. चिठ्ठी दिली होती का, असं विचारलं. नाही, बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मग त्या बरंच चांगलं बोलल्या, मुलगा एकही दिवस चुकला नाही, मुलाच्या कामाचं स्टूल आहे, हवं तर मागवून घ्या. न्यायाधीशांनी लिहून घेतलं. त्यांचा चेहरा मऊ पडला होता. मला वाटलं, झालं, आता संध्याकाळी त्या खोलीत तो पाय उतरवायचा.

मग काका पिंजऱ्यात उभे राहिले. सरकारी वकिलानं विचारलं, “हिच्यानं दुकानाचं कुलूप तोडता येईल?”

“छे. कुलपाला लावली तर धार जाईल. शहाणा माणूस लावणार नाही.”

लोक हसले. न्यायाधीशही थोडे हसले. कुलूपच्या वकिलाला हुरूप आला. तो उठला, मला पाकिटातून काढलं आणि काकांच्या हातात दिलं.

“काका, ही नीट बघा आणि न्यायालयाला सांगा. ही जुनी, बोथट पटाशी आहे ना?”

पुष्कळ दिवसांनी ओळखीचा हात लागला. माझ्या अंगावर बोटांचे ठसे घ्यायची पांढरी पूड होती, वाळलेलं रक्त होतं. काकांनी सवयीनं अंगठ्यानं पुसायला घेतलं. “पुसू नका, तो पुरावा आहे,” कारकून म्हणाला. काकांनी अंगठा मागे घेतला. मग सवयीनंच त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं.

काही चमकलं नाही. नुसती काळी रेघ.

काकांनी मान वळवून कुलूपकडे बघितलं. कुलूप दोन शिपायांच्या मधे उभा होता आणि काकांकडे बघत होता. ताईकडे नाही, न्यायाधीशांकडे नाही. शेडमध्ये त्या दिवशी बघत होता तसाच बघत होता.

काकांची डावी बाही वर गेली. त्यांनी ती वर केली असं मी म्हणणार नाही, ती गेली. मी त्यांच्या हातावरून, त्या गुळगुळीत जागेच्या कडेनं फिरले. केस उतरले आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर पडले, पांढरे.

“हं,” काका म्हणाले.

वकील घाईनं म्हणाला, “काका, प्रश्न असा होता...”

“ऐकला मी प्रश्न. बोथट नाही ती.” काका थांबेनात. “या पोराच्या हातात आली तेव्हा मेलेली होती. निळी पडलेली, तुटकी. यानं हातानं घासून आणली. इतकी वर्षं मी शिकवतोय, साहेब, अशी धार माझ्या हाताखाली कुणी लावली नाही. मला पण नाही लागत.”

कुलूप हसला. सगळ्या चेहऱ्यानं हसला. इतके दिवस मी त्याच्या हातात होते, तो असा हसताना मी पहिल्यांदा बघितला.

न्यायाधीशांनीही तो हसताना बघितला. त्याच्या बाजूला हवालदार उभा होता, अंगठ्याला पांढरी पट्टी. न्यायाधीशांनी पट्टीकडे बघितलं, कठड्यावरच्या केसांकडे बघितलं, आणि पेन खाली ठेवून पुन्हा उचललं. त्यांचा चेहरा आता मऊ नव्हता. ते रागावलेही नव्हते. थकलेल्या माणसासारखे ते सावकाश बोलले. न्यायालयानं विश्वासानं सवलत दिली होती. अट स्पष्ट होती. वस्तू अत्यंत धारदार आहे हे बचावाच्याच साक्षीदारानं न्यायालयासमोर करून दाखवलं आहे. पोलीस जखमी आहे आणि आरोपीला त्याचं हसू येतं आहे. सवलत रद्द. उरलेली सगळी शिक्षा तुरुंगात. आणि पुढचा हुकूम होईपर्यंत संस्थेत धारेचं कोणतंही अवजार वापरायचं नाही.

व्हरांड्यात ताईनं काकांना गाठलं. ती रडत नव्हती.

“बोथट म्हणायचं होतं, काका. एवढंच. तीन अक्षरं.”

काका बाकावर बसले. त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं, ते लागेना.

तेवढ्यात शिपाई कुलूपला घेऊन बाहेर आले. तो काकांपुढे थांबला. शिपायानं ओढलं तरी थांबला.

“काका, खरंच? कुणीच नाही लावली?”

“कुणीच नाही.”

“हं,” कुलूप म्हणाला. आणि गेला. फुगा कोपऱ्यात उभा होता. या वेळी तो हसला नाही.

त्यानंतर मी या खोक्यात आहे. संस्थेची शेड अजून चालू आहे असं मुद्देमालाच्या कारकुनाच्या बोलण्यात येतं. मुलं आता तिथे पुठ्ठ्याची खोकी जोडतात, डिंकानं. न्यायालयालाही थोडी पाठवली आहेत. माझं खोकं त्यातलंच असेल का, ते सांगता येत नाही. कोपरे मात्र नीट जुळलेले नाहीत.

परवा ताई आली होती, आणि तिच्या मागे काका. ती एकटीच येणार होती बहुधा, ते दोन पावलं मागे उभे होते. कारकुनानं खोकं उघडून टेबलावर ठेवलं, पण हात लावू दिला नाही.

“ही परत मिळेल का?” ताईनं विचारलं.

“कशाला हवी?”

“स्टूल डुगडुगतंय.”

कारकून हसला. “अहो ताई, पायाखाली कागदाची घडी घाला.”

“तेच केलंय. तो आला की रागावेल.”

कारकुनानं चिठ्ठी उलटी करून बघितली. “नाशाचा हुकूम आहे. अपिलाची मुदत संपली की भंगारात जाणार. वितळवतात.” मग त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, “पोरगा कसा आहे?”

“झाडायचं काम दिलंय. लाकडाचं काम आहे तिथे, पण याच्या नावावर शस्त्र लिहिलंय ना. म्हणून झाडू.”

काका टेबलाजवळ आले. वाकून माझ्याकडे बघितलं. माझ्या धारेवर, जिथे रक्त वाळलं होतं तिथे, गंजाचा डाग पडला आहे. तो रोज थोडा पसरतो. त्यांनी खिशातून तेलाचं फडकं काढलं.

“एकदा पुसू का? नुसतं पुसतो.”

“पुराव्याला हात लावता येत नाही, काका.”

“भंगारातच जायचीय ना?”

“तरी पण.”

काकांनी फडकं परत खिशात घातलं. तेव्हा बाही थोडी वर सरकली, आणि मी बघितलं, त्यांच्या हातावरच्या त्या गुळगुळीत जागेवर आता केस आलेत. दाट आलेत. कितीतरी दिवसांत तिथून कुठली धार फिरली नसावी. ताईनंही ते बघितलं. दाराशी काका अडखळले तेव्हा तिनं त्यांचा कोपर धरला, आणि बाहेर जाईपर्यंत सोडला नाही.

दगडानं मला पुष्कळ वर्षं संपवलं, ते बरं होतं. गंज संपवतो त्यात कुणाचंच काम होत नाही. पण माझं सोडा. मला आता वितळून काहीतरी दुसरं व्हायचं आहे. काय करणार ते मला कुणी विचारणार नाही. विचारलंच तर सांगीन, काहीही करा, खिडकीचे गज तेवढे नका करू.

बोलायचं आहे ते कुलूपशी. हे ऐकणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूला जात असेल तर त्याला एवढं सांगा. तू सुटून येशील तेव्हा मी नसेन. शेडमधली पेटी तोवर उघडलेली असली तर तिच्यातून दुसरी उचल, तळाशी उरलेली उचल. चाकाला लावू नकोस. आणि घासताना हात आखडता घेऊ नकोस. तिथे तुला कुणीतरी शहाणपणानं सांगेल की थोडी बोथटच असलेली बरी असते. ऐकून घे आणि घासत राहा. तुमच्या खोलीची फरशी अजून उंचसखलच आहे, ताईचं स्टूल अजून कागदाच्या घडीवर उभं आहे, आणि त्याचा एक पाय अजून केसभर लांब आहे. बोथट पटाशीनं तो उतरणार नाही.